गाभोळीची पाचवी पायरी

१

मंगळवार म्हणजे तीस बोई. सकाळी सातला बाबा टोपली केंद्राच्या दारात ठेवतात, आठला मी पहिला मासा फळीवर घेते आणि दुपारची अजान होईपर्यंत तिसावा संपवते. लांबी, वजन, पोटाला चीर, नर की मादी, मग गाभोळी न फाडता सोडवायची, तिचं वजन करायचं, तिची पायरी ठरवायची आणि तिला फॉर्मलिनच्या बरणीत सोडायचं. तीन वर्षं हेच चाललं होतं. हाताचा वास साबणाने जात नसे आणि मी तो घालवायचा नादही सोडून दिला होता.

मत्स्यसंशोधन केंद्र हा शब्द तसा फार मोठा झाला. केर्केना बेटाच्या टोकाला, धक्क्याजवळ, मिठाचं एक जुनं गोदाम आहे, त्यातल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत फळी, तराजू, सूक्ष्मदर्शक आणि खमीसकाकांची चहाची किटली. मागच्या खोलीला खिडकी नाही. तिथे भिंतभर मांडण्या आणि मांडण्यांवर बरण्या. काम करणारी माणसं दोनच: मी, नझीहा, आणि खमीसकाका. ते पूर्वी ऑक्टोपस धरायचे, गुडघे गेल्यापासून माझ्याकडे बरण्या भरायला आणि धुवायला लागले.

गाभोळीच्या सहा पायऱ्या असतात. पहिली दोऱ्याएवढी. दुसरी, तिसरी फुगत जाणारी. चौथी भरलेली, केशरी, लोक मीठ लावून उन्हात वाळवतात ती. पाचवी म्हणजे वाहती. मादीच्या पोटावर नुसता अंगठा फिरवला तरी अंडी बाहेर येतात. पण ही अवस्था काही तासच टिकते. सहावी म्हणजे विऊन झाल्यावरची रिकामी, लोंबती पिशवी. बोई कधी विते हे सांगायचं तर पाचवी किंवा सहावी पायरी कोणत्या महिन्यात सापडली तेवढं सांगितलं की काम झालं.

मी चार हजारांवर मासे चिरले. पाचवी एक नाही. सहावी एक नाही. जूनमध्ये चौथी, ऑगस्टमध्ये चौथी, नोव्हेंबरातही चौथीच. म्हणजे आमच्या समुद्रातली बोई भरते, पण वीत काही नाही, आणि तरी दर वर्षी बोटभर पिल्लं किनाऱ्याला हजर. असा संताप व्हायचा की सगळी फळी उचलून धक्क्यावरून भिरकावून द्यावी.

"नझीहा," समुद्रापलीकडच्या स्फाक्स शहरातून आमचे साहेब, सी मोन्सेफ, फोनवर म्हणाले, "मासा कधी वितो एवढंच विचारलंय. त्याचा जन्मदाखला नाही मागितलेला."

"सापडला की सांगते."

"सापडायची वाट मासेमारी समिती बघणार नाही. विणीचे दोन महिने बोईची मासेमारी बंद करायची, हे ठरलंय. कोणते दोन, ते तू दहा ऑक्टोबरपर्यंत लिहून द्यायचंस. आणि तो जुना तक्ता तपास एकदा. त्यात आकडे गळलेत, वाचताना लाज वाटते."

२

ते दोन महिने कोणते, यावर माझ्या बाबांचं सगळं अडकलं होतं.

आमची शार्फिया पणजोबांपासूनची. जागा समुद्रातली, पण शेतासारखी कागदावर नावाने लागलेली. सप्टेंबरात दिवस आणि रात्र सारखे झाले की कंबरभर पाण्यात उभं राहून खजुरीच्या झावळ्या वाळूत एकेक करून रोवायच्या, की लांबच लांब कुंपण उभं राहतं. ओहोटीला पाणी उतरू लागलं की मासा कुंपणाच्या कडेकडेने सरकत शेवटी झावळ्यांच्या एका गोल खोलीत येतो. त्या खोलीला आम्ही घर म्हणतो. जूनच्या शेवटी सगळं उपटून घ्यायचं आणि उन्हाळाभर समुद्र मोकळा सोडायचा. मासा खरा येतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पुढे थंडीची वादळं निम्म्या झावळ्या घेऊन जातात.

बंदी जुलै-ऑगस्टला लागली तर बाबांचं काहीच बिघडत नव्हतं, कारण तेव्हा शार्फिया उभीच नसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरला लागली तर संपलं.

त्या शुक्रवारी मी त्यांना झावळ्या द्यायला पाण्यात उतरले होते. मी होडीतून झावळी काढून द्यायची, त्यांनी रोवायची.

"बाबा, आणि बंदी ऑक्टोबरला आली तर?"

"तर मार्सेय्यला तुझ्या भावाला कळव. म्हणावं, बापाला घेऊन जा. तिथे काचेच्या टाकीतले मासे बघत बसेन."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मी तरी कुठे करतोय?" त्यांनी झावळीवर सगळा भार टाकला. "चौऱ्याहत्तर पूर्ण झाली मला. एक वर्ष जरी रोवलं नाही ना, तर पुढच्या वर्षी ही कंबर पाण्यात उतरायची नाही. मग ही जागा कुणाची? तुझा भाऊ येणार आहे का झावळ्या रोवायला? तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघ की."

"पुस्तकात काही लिहिलेलं नाही, तोच तर वैताग आहे."

"मग आमचं लिही. आमच्या लोकांनी उन्हाळाभर समुद्राला झोपू दिलं ते काय उगाच? मासा तेव्हाच वितो. मला माझ्या बापाने सांगितलं, त्याला त्याच्या."

"त्यांच्यापैकी कुणी वाहती मादी हातात धरली होती?"

बाबांनी माझ्या हातून पुढची झावळी घेतली.

"नाही," ते म्हणाले. "पण मग तू तरी कुठे धरलीस?"

मी होडीतून आणखी एक झावळी काढून दिली. दुपारपर्यंत आम्ही दोघं रोवत राहिलो.

३

सोमवारी मी जुना तक्ता काढून बसले. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीच्या रकान्यात एका मादीची पायरी लिहिलेली होती, पण गाभोळीचं वजन गळलेलं होतं. बरणी क्रमांक दोनशे बारा. काही मोठं काम नव्हतं. बरणी आणायची, गाभोळी निथळून तराजूवर ठेवायची, आकडा भरायचा. फेब्रुवारीतली गाभोळी, पायरी दुसरी, म्हणजे फार तर तीन-चार ग्रॅम.

मागच्या खोलीतून बरणी उचलताना ती जड लागली. उजेडात आणली तर आत बरणीच्या काचेला टेकलेली, करंगळीपेक्षा जाड, भरलेली गाभोळी होती. एकेचाळीस ग्रॅम.

माझ्या तोंडून शिवी गेली. खमीसकाकांनी चिठ्ठ्या अदलाबदल केल्या, हे उघड होतं. मग दोनशे तेराही चुकली असणार. ती आणली. चौथी पायरी. दोनशे चौदा, चौथी. तक्त्यात या दोघींपुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: दुसरी, तीन ग्रॅम, दुसरी, साडेतीन ग्रॅम.

त्या संध्याकाळपर्यंत मी फेब्रुवारीच्या सगळ्या बरण्या खाली उतरवल्या. दोन वर्षांपूर्वीच्या, गेल्या वर्षीच्या, यंदाच्या. सगळ्या माद्यांची पायरी एकच. फळीच्या कडेने बरण्यांची रांग लावली आणि खुर्चीत बसून बघत राहिले. हे मासे मेलेले होते. त्यांचं मांस धक्क्यावरच्या मांजरांनी केव्हाच खाल्लं होतं. त्यांच्या पोटातला एक तुकडा तेवढा मी ठेवून घेतला होता, आणि माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर तो तुकडा अजून वाढत होता.

अर्थात मी माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवला नाही. चूक माणसांची असते. माणूस शोधायचा एवढंच काम होतं.

४

"काका, फॉर्मलिन पातळ करायला पाणी कोणतं वापरता?"

खमीसकाका चहा ओतत होते. "टाक्यातलं. दुसरं कोणतं?"

"म्हणजे अंगणातल्या टाक्यातलं? पावसाचं?"

"तुझं ते शहरातलं पाणी महिना महिना बोटीवर चढत नाही, डॉक्टरबाई. मग काय करू? आणि आपल्या टाक्यातल्या पाण्याहून चोख पाणी दाखव मला. माझ्या मुलीचं पहिलं दूध मी या पाण्यात कालवलंय. बघ कशी टणटणीत आहे."

"मुलगी जगवायची होती, काका! मला मेलेलं तसंच ठेवायचंय!"

बेटावरच्या कुणालाही विचारा, टाक्याच्या पाण्यात खोट निघू शकते हे त्याच्या डोक्यातच येणार नाही. मीही त्याच पाण्यावर वाढले, म्हणून तीन वर्षांत मलाही विचारायचं सुचलं नाही. एक क्षण मला हायसं वाटलं. पाणी! शेवटी पाणीच होतं तर. मग लक्षात आलं की पाणी वाईट असेल तर तुकडा कुजेल, फुगेल, बुळबुळीत होईल. त्यात अंड्याचे दाणे एकसारखे भरत जाणार नाहीत. मी तिथल्या तिथे एक पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला होता. दाणे ताज्या माशासारखे स्वच्छ, गोल होते.

तेव्हा मी दुसरं बोलले, जे बोलायला नको होतं.

"तुमच्या भावाचीही शार्फिया आहे ना?"

"आहे. मग?"

"सगळ्यांना जुलै-ऑगस्ट हवंय. फेब्रुवारीत मादी भरलेली दिसली की माझा सगळा तक्ता खोटा पडतो. मग काय, गावकरी म्हणतील तेच समिती लिहून घेणार."

काकांनी किटली खाली ठेवली. चहा तसाच ग्लासात राहिला.

"म्हणजे मी बरण्या बदलल्या?"

"कुणीतरी बदलल्यात."

"बाई, तीन वर्षं मी तुझ्या माशांची आतडी उचलली. माझी बायको मला अंगणात कपडे काढायला लावते, घरात घेत नाही असा वास मारतो. आणि एवढ्या भरलेल्या गाभोळ्या माझ्या हाताला लागल्या असत्या तर तुझ्या बरणीत कशाला घातल्या असत्या? मीठ लावून वाळवल्या नसत्या मी?"

ते गेले ते किटली न घेताच गेले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे मला ते दाराबाहेर पडायच्या आधीच कळलं होतं. तरी मी हाक मारली नाही, कारण ते निर्दोष असले तर मग मला दुसरं काहीतरी मानावं लागणार होतं.

५

औषधांच्या दुकानातून शुद्ध पाण्याचे कॅन घेतले. आठवडाभर रात्रंदिवस खपून प्रत्येक बरणी रिकामी केली आणि दुप्पट तेज फॉर्मलिनने भरली. डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. प्रत्येक गाभोळीचं वजन झाकणावर लिहिलं, झाकणावर मेण ओतलं, मेणावर माझी सही कोरली. मागच्या खोलीला नवं कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात बांधली. आता येऊ दे कुणाला यायचंय ते.

मंगळवारी बाबांच्या टोपलीतल्या तीस बोई चिरल्या. शार्फिया अजून पुरती उभी नव्हती, मासे शेजारच्या जाळ्यातले होते. एकही गाभोळी चौथीपुढे नाही.

काम करताना मागच्या खोलीतून आवाज आला. टप. थोड्या वेळाने पुन्हा, टप. छत गळत असेल म्हणावं तर बाहेर कोरडं ऊन होतं. दार उघडून आत उभी राहिले. वरच्या मांडणीवरच्या एका बरणीतून फॉर्मलिनचा थेंब काचेवरून ओघळून खाली पडत होता. मेण मधोमध चिरलं होतं. आत जे होतं ते आता बरणीत मावत नव्हतं.

इतर बरण्यांच्या मेणावरची माझी सही जशीच्या तशी होती. मी मेण फोडलं, वजन केलं. झाकणावर एकेचाळीस, तराजूवर छप्पन्न. दुसरी: अडतीस, एकावन्न. मग मी फेब्रुवारी सोडून ऑगस्टच्या बरण्या काढल्या, नोव्हेंबरच्या काढल्या, पहिल्या वर्षातल्या अगदी पहिल्या दिवसाच्या काढल्या. सगळ्या एकाच मापात पुढे चालल्या होत्या. आधी गेलेल्या आधी नाहीत, मागून आलेल्या मागे नाहीत. त्या एकमेकींसाठी थांबल्या असाव्यात, असं माझ्या मनात आलं आणि मला माझाच राग आला. असली वाक्यं लिहिण्यासाठी मी डॉक्टरेट केली नव्हती.

आपोआप आलेली सूज, मी वहीत लिहिलं. तेज द्रावणाचा परिणाम. मग ते खोडलं. खोडून तेच पुन्हा लिहिलं.

टप. नरांचे वीर्यकोष ठेवलेल्या बरण्या खालच्या मांडणीवर होत्या. त्यांतलं पाणी किंचित दुधाळ दिसत होतं.

६

पुढचे दहा दिवस मी तेवढंच केलं. रोज सकाळी वजन, एक काप, कागदावर एक ठिपका. ठिपक्यांची रेघ इतकी सुबक येत होती की मला रडू आलं. तीन वर्षं जिवंत समुद्राने मला अशी रेघ दिली नव्हती. कापातल्या दाण्यांमध्ये तेलाचे थेंब एकत्र येत होते आणि दाणे काचेसारखे पारदर्शक होऊ लागले होते. हे वीण जवळ आली की होतं. पुस्तकातल्या चित्रांत पाहिलं होतं, प्रत्यक्षात कधी नाही. रेघ पुढे वाढवली. अकरा ऑक्टोबर.

म्हणजे माझ्याकडे उत्तर होतं. बोई ऑक्टोबरात विते. आणि या उत्तराचं मी काय करणार होते?

नऊ तारखेला सी मोन्सेफना फोन लावला.

"साहेब, जुन्या नमुन्यांमध्ये काहीतरी दिसतंय. ऑक्टोबरकडे कल आहे."

"जुन्या म्हणजे?"

"बरण्यांतल्या."

"बरण्यांचं राहू दे. ताज्या माशात काय सापडलं? पाचवी? सहावी?"

"नाही."

"एक तरी?"

"एकही नाही, साहेब."

"मग बेटावरचे लोक म्हणतात ते लिही ना. जुलै-ऑगस्ट. परंपरेने पाळलेला विश्रांतीचा काळ, वगैरे. कुणी भांडणार नाही, तुझा बाप पण खूश. ऑक्टोबर लिहिलंस आणि समितीने पुरावा मागितला, तर बरणी घेऊन उभी राहणार आहेस का तिथे?"

मी उभी राहिले असते तर काय म्हटलं असतं? हे मेलेले मासे आहेत, यांच्यावर विश्वास ठेवा? खरं सांगायचं तर मला सुटका हवी होती. त्या खोलीत रोज जायला मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा चीड जास्त येत होती. एवढी वर्षं समुद्राने मला एक अंडं दाखवलं नाही, आणि आता कुलुपाआड, सहीखाली, चोरासारखं हे चाललेलं! आणि झावळीवर भार टाकणारे बाबा डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

दहा तारखेच्या सकाळच्या बोटीने मी कागद पाठवला. विणीचा काळ: जुलै आणि ऑगस्ट. खाली माझी सही.

दुपारी बाबांना सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

"बघ," ते म्हणाले, "म्हातारे काही वेडे नव्हते."

७

अकरा तारखेला मी केंद्रात जाणारच नव्हते. पण घरात बसवेना. साडेअकराच्या सुमारास कुलूप उघडलं तेव्हा मागून चपलांचा आवाज आला. खमीसकाका. किटली न्यायला आले होते, असं ते म्हणाले. माझ्याशी बोलायला आले होते हे मला कळलं, आणि मी माफी मागितली.

"जाऊ दे गं," ते म्हणाले. "आमच्या घरी चहा चांगला होत नाही, म्हणून आलो." मग माझ्या खांद्यावरून आत बघत त्यांनी विचारलं, "अरे, रिकाम्या कशाला केल्यास?"

मी दिवा लावला.

सगळ्या बरण्यांतलं पाणी नळाखालच्या पाण्याइतकं स्वच्छ होतं. मी फोडलेल्या आणि गळणाऱ्या बरण्या सोडल्या तर मेण कुठेच तुटलेलं नव्हतं. कालपर्यंत जिथे गाभोळ्या काचेला टेकल्या होत्या, तिथे तळाशी लालसर, सुरकुतलेली, रिकामी पिशवी पडली होती. प्रत्येक बरणीत. हजारो बरण्यांत. सहावी पायरी.

मी एक बरणी फोडली, सगळं पाणी बारीक कापडातून गाळलं. एक दाणा नाही. दुसरी फोडली. तिसरी. काका दारात उभे होते.

"अंडी कुठे टाकलीस, नझीहा?" त्यांनी पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली.

"टाकली नाहीत."

"मग गेली कुठे? अंडी कुठेतरी जातातच ना?"

ते किटली तशीच ठेवून पुन्हा निघून गेले. मी खोलीत थांबले. आवाज काही येत नव्हता. गेले दोन आठवडे सवय झालेला तो टप टप आवाजही थांबला होता, आणि त्या शांततेतच मला जास्त वेळ उभं राहवेना.

८

बारा तारखेला सकाळी दहाला ओहोटी लागली. शार्फिया पूर्ण झाल्यावरचा घराचा हा पहिला उपसा. बाबा मला न्यायला स्वतः आले. "चल, आज तूही चल, तुझ्यामुळे आहे हे," असं म्हणत मला होडीत बसवलं. ते गुणगुणत होते. मी त्यांना बरण्यांचं काही सांगितलं नाही. सांगणार काय होते?

घर भरलेलं होतं. इतकं की झावळ्या बाहेरच्या बाजूला वाकल्या होत्या. एवढे मासे एकत्र आले की पाणी उसळतं, शेपट्यांचा आवाज होतो. इथे तसं काही नव्हतं. बोई एकीला एक लागून, एकाच दिशेला तोंड करून उभ्या होत्या. शेपट्या मात्र सगळ्यांच्या सावकाश हलत होत्या.

"मा शा अल्लाह," बाबा म्हणाले. पाण्यात उतरून त्यांनी एक मोठी मादी दोन्ही हातांनी उचलली. तिने झटका दिला नाही. सवयीने त्यांनी तिच्या पोटावरून अंगठा फिरवला.

अंडी वाहिली.

माझ्या तोंडून आवाज निघाला तो आनंदाचाच होता, हे कबूल करते. तीन वर्षं. मी होडीतून अर्धी बाहेर झुकून ओंजळ पुढे केली. काचेसारखे दाणे, अगदी चित्रातल्यासारखे, माझ्या तळहातावर पडले. थंड होते. आणि त्यांना मागच्या खोलीचा वास होता.

"बघ, बघ! वाहती!" बाबा हसत होते. "ही ना तुझी पाचवी?"

ओंजळ भरली. बाजूने सांडायला लागली. पोट दाबणं त्यांनी केव्हाच थांबवलं होतं, तरी अंडी येतच होती, आणि पोट उतरत नव्हतं. बाबांनी ती मादी एका हातात धरून दुसरी उचलली. तीही वाहू लागली, अंगठा न लावता. तेव्हा मी माशाच्या तोंडाकडे पाहिलं. कल्ले हलत नव्हते. डोळे पांढरे होते, शिजवलेल्या माशासारखे. माझ्या फळीवर येतात त्या माशांचे डोळे काळे असतात. फॉर्मलिनमध्ये आठवडाभर राहिले की असे होतात.

बाबांचं हसणं हळूहळू थांबलं.

"नझीहा, या मेल्यात का गं?"

"माहीत नाही, बाबा."

"शेपूट हलतंय." त्यांनी मादी कानाजवळ नेली, काही ऐकू येतं का बघायला, आणि पटकन लांब धरली. काय ऐकलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अंडी त्यांच्या मनगटांवरून कोपरापर्यंत आली होती. सगळ्या घरात पाण्याचा रंग बदलत चालला होता.

"आज तारीख काय?" त्यांनी विचारलं.

"बारा ऑक्टोबर."

"म्हणजे ऑक्टोबरच. हेच हवं होतं ना तुला? मग लिही. आत्ता लिही आणि पाठव त्यांना. बंद करू दे."

"कागद गेला, बाबा. परवाच्या बोटीने. मी जुलै-ऑगस्ट लिहून सही केली."

"तुला माहीत होतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग का?"

"तुमच्यासाठी."

ते पाण्यात तसेच उभे होते, दोन्ही हातांत दोन माद्या, आणि मासे त्यांच्या पायांभोवती येऊन थांबत होते. त्यांना हात मोकळे करायचे होते, पण सोडायचं कुठे ते त्यांना कळत नव्हतं.

"म्हणजे नोव्हेंबर संपेपर्यंत," ते म्हणाले, "मला इथे यायला कुणी अडवणार नाही. असंच ना?"

मी हो म्हटलं. ओहोटी अजून दोन तास उतरणार होती, आणि कुंपणाच्या कडेने मासे येतच होते.